सालीवरील लिपी : मालक कोण आणि दास कोण?

इयत्ता नववीच्या वर्गात दगडफुलाचा पाठ दरवर्षी एका तासात संपतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मसाल्यासाठी आणलेल्या दगडफुलाचे दोन-चार तुकडे आम्ही वर्गात नेतो, ते हातोहात फिरतात आणि फळ्यावर एक वाक्य लिहिले जाते : दगडफूल म्हणजे कवक आणि शैवाल यांचे सहजीवन, कवक निवारा व ओलावा देते, शैवाल अन्न देते. काही वर्षांपूर्वी याच वाक्यावर एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, शैवालाला कवकाने बांधून ठेवले आहे, की ते आपणहून राहिले आहे?" वर्ग हसला. आमच्यापाशी मात्र उत्तर नव्हते. "पुढच्या वर्गात शिकाल," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली; पण पुढच्या वर्गाच्या पुस्तकातही ते उत्तर नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती थकबाकी फेडण्याचा हा प्रयत्न आहे.

मसाल्यातील दगडफूल हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी तितकेसे सोयीचे नाही. शास्त्रीय भाषेत ज्यांना लायकेन म्हणतात (मराठी विश्वकोशाने त्यांना 'शैवाक' असे नाव दिले आहे) त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. काही झुडपासारखे फांद्याफांद्यांचे असतात, काही पानासारखे पसरट असतात आणि काही आधाराला इतके घट्ट चिकटलेले असतात की त्यांना तिथून सोडवताच येत नाही. मसाल्याचे दगडफूल दुसऱ्या प्रकारचे. आम्ही येथे तिसऱ्या, म्हणजे खपलीसारख्या लायकेनांविषयी लिहीत आहोत आणि त्यातही झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या एका कुळाविषयी.

हे कूळ आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. केवळ ओळखलेले नाही. कोकणात पोफळीच्या खोडावर, सह्याद्रीत जांभळाच्या सालीवर पांढरट-करड्या रंगाचे डाग असतात. ते चुन्याचे डाग आहेत असे समजून आपण पुढे जातो. जवळ जाऊन पाहावे, तर त्या पांढऱ्या पाटीवर बारीक काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात : काही सरळ, काही वळलेल्या, काही दुभंगलेल्या. अनोळखी लिपीत कोणी काही लिहून ठेवावे तसे ते दिसते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी यातील प्रमुख प्रजातीला लेखनवाचक ग्रीक शब्दावरून 'ग्राफिस' असे नाव दिले आणि कुळाला 'ग्राफिडेसी'. आम्ही वर्गात त्यांना लिपी-लायकेन म्हणतो. एकदा लेण्यांची सहल करून परतल्यावर एका मुलाने पोफळीवरची ही अक्षरे दाखवून "ही धम्मलिपी आहे का?" असे विचारले होते. ती धम्मलिपी नव्हे, हे सांगताना आम्हांला थोडे वाईटच वाटले.

या रेघा म्हणजे कवकाची फळे. प्रत्येक रेघेच्या मधोमध एक चीर असते. दोन्ही बाजूंचे ओठ बहुधा कोळशासारख्या काळ्या, कठीण द्रव्याचे असतात. चिरेच्या आत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत बीजाणू तयार होतात. पांढरा भाग म्हणजे लायकेनचे शरीर. त्याच्या पातळ थरात कवकाच्या धाग्यांच्या जाळीमध्ये शैवालाच्या पेशी अडकलेल्या असतात. 'अडकलेल्या' हा शब्द आम्ही सवयीने वापरला. तो योग्य आहे की नाही, हाच तर प्रश्न आहे.

लिपी-लायकेन शीत प्रदेशातही आहेत. परंतु त्यांचे खरे वैभव उष्ण कटिबंधातील पावसाळी वनांत आहे. अशा वनांपैकी ज्याच्याशी या प्रश्नाचा इतिहास निगडित आहे, ते वन श्रीलंकेचे. बेटाच्या नैर्ऋत्य भागात आणि मध्यवर्ती डोंगरांत पाऊस जवळजवळ बारमाही असतो. झाडे उंच, खाली अंधूक प्रकाश, हवा सदैव दमट. आपण ज्याला नागचाफा म्हणतो, तो श्रीलंकेचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि त्या वनांतही तो वाढतो. अशा वनांतील खोडे पाहिली तर सालीचा मूळ रंग कोणता, हे सांगणे अवघड जाते. करडे, हिरवट, पिवळसर, पांढरे असे लायकेनांचे तुकडे एकमेकांना भिडून नकाशासारखे पसरलेले असतात.

श्रीलंका आपल्याला संघमित्रा थेरींनी नेलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेमुळे परिचित आहे. परमपूज्य बाबासाहेब मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी कॅंडीला गेले होते, हेही आपण जाणतो. त्याच कॅंडीपासून पाच-सहा किलोमीटरवर पेरादेनिया येथे एक मोठे वनस्पती उद्यान आहे. १८४९ ते १८८० या काळात त्या उद्यानाचे प्रमुख होते जॉर्ज थ्वेट्स. हे गृहस्थ मुळात इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी हिशेबनिसाचे काम करीत आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली शैवाले पाहत. पेरादेनियाला आल्यावर त्यांनी बेटावरील वनस्पतींची नोंद करण्याचे मोठे काम हाती घेतले. त्यात फुलझाडांबरोबर सालींवरचे लायकेनही गोळा केले आणि ते इंग्लंडला धाडले. त्यांचा अभ्यास केला विल्यम लेटन या धर्मोपदेशकाने. लेटन यांचा सिलोनच्या लायकेनांवरील निबंध १८६९-७० च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

लेटन यांच्याविषयी एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती शाळकरी आहे. ते आणि चार्ल्स डार्विन बालपणी एकाच शाळेत होते. रंगीत पाणी घालून आपण हव्या त्या रंगाची फुले आणू शकतो, अशी थाप लहानग्या डार्विनने एका सोबत्याला मारली होती. तो सोबती बहुधा लेटनच, असे डार्विन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. थाप मारणारा आणि ऐकणारा असे दोघेही पुढे निसर्गाचे अभ्यासक झाले.

आता त्या डोंगरांकडे पुन्हा पाहू. थ्वेट्स लायकेन गोळा करीत होते, त्याच दशकांत कॅंडीभोवतालची वने कॉफीच्या मळ्यांसाठी साफ होत होती. झाड तोडले की त्याच्या सालीवरचे सगळे जग संपते. तोडलेल्या खोडावर लिपी-लायकेन फार काळ टिकत नाही. मळ्यांत राबायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले गेले. कंगाणी म्हणजे मुकादम त्यांना उचल देऊन बांधून घेई. समुद्र ओलांडून बेटावर उतरल्यावर डोंगरापर्यंतची वाट ते पायी चालत. त्या वाटेवर असंख्य माणसे रोगाने आणि उपासमारीने मेली. या मजुरांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. आपल्या विद्यालयातील कितीतरी मुलांच्या आजोबा-पणजोबांना उचल आणि मुकादम हे शब्द समजावून सांगावे लागले नसते.

१८६९ साली कॉफीच्या पानांवर नारिंगी पूड दिसू लागली. थ्वेट्स यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून इंग्लंडमध्ये तिची ओळख पटली : ते हेमिलिया नावाचे कवक होते. त्याच्या तांबेरा रोगाने पुढील दोन दशकांत सिलोनची कॉफी संपवली आणि तिच्या जागी चहा आला. मळे पालटले, वन परत आले नाही. एकाच माणसाच्या हातून एकीकडे सर्व संपवणारे कवक गेले आणि दुसरीकडे सालीवर शैवालासह शांतपणे जगणारे कवक गेले, हा योगायोग आम्हांला विलक्षण वाटतो.

योगायोग येथेच थांबत नाही. त्याच १८६९ मध्ये स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांचा लायकेनांतील शैवालांवरचा ग्रंथ निघाला. लायकेन ही एकच वनस्पती नसून कवक आणि शैवाल अशा दोन जीवांची जोडी आहे, हे मत त्यांनी दोन वर्षांपूर्वी मांडले होते. आता ते सविस्तर सिद्ध करू पाहत होते. आज आपण नववीत शिकवतो ते मूळ सत्य हेच. परंतु श्वेंडेनर यांनी ते ज्या शब्दांत मांडले, ते पाठ्यपुस्तकात येत नाहीत. त्यांच्या वर्णनात कवक हा मालक होता आणि शैवाले त्याचे गुलाम. मालक त्यांना जाळ्यात वेढून कामाला लावतो आणि त्यांच्या श्रमावर जगतो, असे ते चित्र होते.

मोठमोठे लायकेन-अभ्यासक या मतावर तुटून पडले. फिनलंडचे विल्यम नायलँडर त्यांत अग्रणी होते. लायकेनांच्या ओळखीसाठी रासायनिक कसोट्या प्रथम रूढ केल्या त्या यांनीच : कॉस्टिक पोटॅशचा थेंब, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा थेंब, आणि रंग बदलतो का ते पाहणे. या कसोट्या आजही चालतात. डिप्लोलाबिया अफ्झेली नावाच्या एका लिपी-लायकेनची अक्षरे काळी नसून खडूने लिहिल्यासारखी जाड आणि पांढरी असतात. त्यांवर ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा थेंब टाकला की ती लाल होतात. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाला दोन जीवांची गोष्ट मात्र अखेरपर्यंत मान्य झाली नाही. ज्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवले, त्या वनस्पती मुळात वनस्पतीच नव्हेत हे स्वीकारणे किती जड गेले असेल, हे आम्ही समजू शकतो.

विरोधक चुकले आणि श्वेंडेनर बरोबर ठरले. पण दोन जीव आहेत हे खरे ठरले, म्हणून एक मालक आणि दुसरा गुलाम हेही खरे ठरते का? पुष्कळ काळ या दोन गोष्टी एकत्रच मानल्या गेल्या. त्या वेगळ्या करण्याचे श्रेय ज्यांना द्यावे, ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक. १८७७ मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि त्याचा विषय होता खपलीसारख्या लायकेनांचे शरीर. सालीवरचे लिपी-लायकेन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पाहिले. त्यांना असे आढळले की कवकाचे धागे सालीच्या वरच्या थरांत आधी एकटेच पसरतात आणि शैवालाचे तंतू मागाहून त्यांत शिरतात. म्हणजे येथे कवक शैवालाला पकडायला धावत नाही. शैवालच वाढत वाढत कवकात येते. मग बळजबरी कोणाची म्हणावी?

फ्रांक यांनी यावर जी भूमिका घेतली, तीच आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. दोन भिन्न जीव एकमेकांत किंवा एकमेकांवर राहतात, एवढेच सांगणारा आणि त्यांच्या नात्याविषयी आधीच निवाडा न देणारा शब्द हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी 'सहजीवन' या अर्थाचा ग्रीक धातूंवरून घडवलेला शब्द वापरला. पुढे दोन वर्षांत अँटन द बारी यांच्यामुळे तो जगभर गेला. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही फळ्यावर गोड समजूत लिहीत होतो, तो शब्द गोड समजुतीसाठी जन्मलेलाच नव्हता. 'सहजीवन' म्हणजे परस्परप्रेम नव्हे आणि शोषणही नव्हे. आधी पाहा, मग बोला, एवढाच त्याचा मूळ आग्रह होता. आणि तो शब्द घडला सालीवरच्या या दुर्लक्षित डागांकडे पाहताना.

मग पाहिल्यावर काय दिसते?

लिपी-लायकेनातील शैवालाचे नाव ट्रेंटेपोहलिया. ते हिरव्या शैवालांच्या गटातील असूनही, गाजरात असतात तशा रंगद्रव्यांमुळे केशरी दिसते. कोकणात दमट भिंतींवर आणि खोडांवर जो केशरी मखमली थर दिसतो, तो पुष्कळदा हेच शैवाल असतो. म्हणजे ट्रेंटेपोहलिया कवकावाचून जगू शकते, जगतेच. कवकाची स्थिती उलट आहे. लिपी-लायकेनचा बीजाणू चिरेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर शैवाल नसते. तो सालीवर पडून रुजला, तरी योग्य शैवाल भेटल्यावाचून पूर्ण लायकेन घडत नाही. ज्याला 'मालक' म्हटले, तोच परावलंबी निघाला.

याचा अर्थ शैवाल सुखात आहे, असाही नाही. शैवाल सूर्यप्रकाशात जी शर्करा तयार करते, तिचा मोठा वाटा एरिथ्रिटॉल या द्रव्याच्या रूपाने कवकाकडे जातो. मोकळ्या शैवालाचे तंतू लांब आणि भरघोस असतात. लायकेनात ते आखूड, तुटक होतात. त्याचे लैंगिक प्रजनन लायकेनात सहसा होत नाही. कवकाचे मात्र बिनदिक्कत चालते, आणि ती काळी अक्षरे त्याचीच आहेत. या सगळ्यावर बोट ठेवून अमेरिकेचे व्हर्नन अहमदजियान यांनी विसाव्या शतकात लायकेनला नियंत्रित परजीविता म्हटले. दुसऱ्या बाजूला हेही खरे की कडक ऊन आणि कोरडेपणा यांपासून शैवालाला कवकाच्या थरात आडोसा मिळतो. जमाखर्च मांडला तर दोन्ही बाजूंना काही ना काही लिहावे लागते, आणि प्रत्येक जातीत तो सारखा येईलच असे नाही.

त्या विद्यार्थिनीला आज आम्ही असे उत्तर देऊ : शैवालाला बांधून ठेवलेले नाही, कारण त्याचे भाऊबंद शेजारच्याच भिंतीवर मोकळे आहेत, आणि ते आपणहून राहिलेले नाही, कारण 'आपणहून' म्हणायला जी चेतना लागते ती त्याच्यात मानायला आधार नाही. गुलामीत एका माणसाची इच्छा दुसरा माणूस मोडतो. मोडली जाते आहे हे गुलामाला कळते, आणि मोडणाऱ्यालाही कळते. धम्मात कर्म चेतनेशी जोडलेले आहे ते याचसाठी. १८६९ मध्ये सिलोनच्या डोंगरात उचलीने बांधलेली माणसे होती. सालीवरच्या पेशींना 'गुलाम' म्हटले की त्या माणसांवरील अन्याय निसर्गाच्याच रिवाजात बसवल्यासारखा होतो. श्वेंडेनर यांच्या मनात तसे काही नसेलही. पण 'निसर्गातच उच्चनीच आहे' हा युक्तिवाद आपल्या देशात कोणाविरुद्ध वापरला गेला, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

येथे प्रतीत्यसमुत्पादाचे नाव घेण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. लायकेन म्हणजे जणू त्या सिद्धांताचे चित्रच, असे लिहिलेले आम्ही वाचले आहे आणि पूर्वी स्वतः सांगितलेही आहे. आता सांगत नाही. तथागतांनी ती कारणशृंखला दुःखाची उत्पत्ती आणि निरोध समजावण्यासाठी सांगितली. कवक-शैवालाच्या व्यवहाराला तिचा दाखला केल्याने ना धम्म अधिक समजतो, ना लायकेन.

लायकेन ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या मात्र निश्चित सांगता येतात. त्याला मुळे नाहीत, पानांसारखे मेणाचे आवरण नाही. पाणी आणि क्षार हवेतून, पावसातून, खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातून येतात. छताची झाडे विरळ झाली की प्रकाश वाढतो, दमटपणा घटतो, आणि दाट वनातील जाती नाहीशा होऊन उन्हाला सरावलेल्या जाती येतात. या कुळातील काही जातींची फळे रेघांऐवजी सालीत खोल बसलेल्या छिद्रांसारखी असतात. त्यांपैकी पुष्कळ जाती जुन्या, अबाधित वनातच आढळतात. त्यामुळे वनाचे आरोग्य तपासताना अभ्यासक त्यांना शोधतात. श्रीलंकेच्या सिंहराजा वनात १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी वृक्षतोड सुरू झाली होती. लोकांच्या विरोधामुळे ती थांबली आणि १९८८ मध्ये ते वन जागतिक वारसा ठरले. त्याचे क्षेत्र नऊ हजार हेक्टरांहूनही कमी आहे. एवढ्याशा उरलेल्या वनांतून अजूनही विज्ञानाला अपरिचित जाती निघत आहेत. श्रीलंकेच्या डॉ. गोथामी वीराकून यांनी आपल्या बेटावरून या कुळाच्या अनेक नव्या जाती नोंदवल्या. २०१४ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून या एका कुळाच्या १७५ नव्या जाती एकाच वेळी जाहीर केल्या, आणि निबंधाच्या शीर्षकातच विचारले की ही उणीव भरून निघाली, की हा केवळ सागरातील थेंब आहे.

आपल्याकडेही हे काम झाले आहे, ही अभिमानाची गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, डॉ. ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील तसेच अंदमान-निकोबार बेटांवरील लिपी-लायकेनांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. या विषयाला महागडी यंत्रे आरंभी लागत नाहीत. दहा पटींचे भिंग, सूक्ष्मदर्शक, आयोडीन आणि चिकाटी पुरते. ग्राफिसच्या बीजाणूंना आयोडीनचा स्पर्श होताच ते जांभळट होतात, हे पाहणे आमच्या प्रयोगशाळेतही शक्य आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा पोफळीच्या किंवा जांभळाच्या खोडापाशी पाऊस पडून गेल्यावर उभे राहा. ओला झालेला डाग कोरड्या डागापेक्षा अधिक हिरवट दिसेल : वरचा थर पाण्याने पारदर्शक होतो आणि आतले शैवाल जाणवू लागते. भिंगातून रेघेच्या मधली चीर शोधा. शेजारच्या सालीवर केशरी थर आहे का, तेही पाहा. असेल तर मोकळे आणि कवकातले अशी दोन्ही बिऱ्हाडे एका दृष्टिक्षेपात येतील. वहीत रेघा काढून घ्या, झाडाचे नाव आणि तारीख लिहा. नखाने खरवडू मात्र नका. हे लायकेन वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढते. तळहाताएवढा डाग तुमच्या आईवडिलांच्या वयाचा असू शकेल.